रँकिंग बघताय ना, मग पाचव्या पोराकडे बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑगस्ट आला की इकडे अमेरिकेत हायस्कूलच्या क्रॉस कंट्री टीम्सची प्री-सीझन रँकिंग्ज यायला सुरवात होते. देशात पहिल्या पंचवीस कोण, पन्नास कोण, आपल्या राज्यात कोण वर, कोण खाली. आणि मग आमच्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती यादी फिरायला लागते, "अरे आपल्या एरियातली शाळा कितवी बघ", "त्यांच्याकडे तो एक जबरदस्त पोरगा आहे म्हणे", "यंदा त्यांचंच". आपल्या लोकांना यादी दिसली की राहवत नाही, घर घेताना शाळांची यादी, कॉलेजची यादी, आता पळण्याचीपण यादी. मी शिकागोजवळच्या एका उपनगरात राहते, मुलगा हायस्कूलच्या टीममधे पळतो, आमची शाळा कुठल्याच यादीत नाही आणि मुलगा शाळेतपण पहिल्या सातात नाही, त्यामुळे मी जे लिहितेय त्यात स्वार्थ काही नाही हे आधीच सांगते. तुमचा ई-पेपर रोज वाचते, क्रीडा पान तर आधी, आणि तिथे या खेळाबद्दल कधी अवाक्षर दिसलं नाही म्हणून हा पत्रप्रपंच. पत्र लांबलंय, काटछाट करायची तर करा, पण गुणांचा हिशेब तेवढा ठेवा.

तर आधी खेळ काय ते. क्रॉस कंट्री म्हणजे ट्रॅकवर नाही, रस्त्यावर नाही, तर गवतावर, पार्कात, गोल्फ कोर्सवर, चढउतारावर, चिखल असेल तर चिखलात पळायचं. बहुतेक राज्यांत अंतर ५ किलोमीटर, आमच्या इलिनॉयमधे ३ मैल. सीझन ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे सुरवातीला घामाच्या धारा आणि शेवटी बोटं बधिर. सगळ्या देशात मिळून चार लाखांच्या वर मुलंमुली हायस्कूलमधे हा खेळ खेळतात, तरी टीव्हीवर दिसत नाही, तिकीट नाही, स्टेडियम नाही. पालक खुर्च्या घेऊन येतात आणि खुर्चीवर कुणी बसत नाही, कारण पोरगा एका ठिकाणी दोन सेकंद दिसतो आणि मग आई-बाप-आजोबा सगळे मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पळत सुटतात तो परत दिसेल म्हणून. सुरवातीच्या रेषेवर पांढऱ्या चुन्याने चौकोन आखलेले असतात, एका शाळेला एक चौकोन, त्यात सात जण दाटीवाटीने उभे, बंदूक वाजली की दोनशे-अडीचशे पोरं एकदम सुटतात, आणि पहिल्या वळणाला ती सगळी एवढ्याशा जागेत घुसतात. एखाद्याचा बूट निघतो, तो तसाच पळतो. शेवटी दोऱ्या बांधून केलेल्या बोळातून बाहेर येतात तेव्हा निम्मी पोरं गुडघ्यावर हात ठेवून वाकलेली, काही आडवी झालेली, आणि स्वयंसेवक बाया "चला चला, पुढे सरका, मागचे येतायत" म्हणून त्यांना काखेत हात घालून उठवतायत.

आता हिशेब, जो समजल्याशिवाय रँकिंगला काही अर्थ नाही. एका टीमचे सात पळतात, त्यातल्या पहिल्या पाचांचे नंबर धरतात. पहिला आला तर १ गुण, तेविसावा आला तर २३. पाचांची बेरीज करायची आणि ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो जिंकला. पाचच्या पाच पहिले आले तर बेरीज १५, याच्याखाली जाताच येत नाही. सहावा आणि सातवा मोजत नाहीत पण ते दुसऱ्या टीमच्या पाचव्याच्या पुढे आले तर त्या टीमचा आकडा वाढतो, आणि बरोबरी झाली तर सहाव्यावरून निकाल लागतो, म्हणजे त्यांना पण गंमत म्हणून पळवत नाहीत.

एक उदाहरण घ्या. एका शाळेचे तीन हिरो १, २, ३ आले. वा! चौथा २० वा. आणि पाचवा ६० वा. बेरीज ८६. दुसऱ्या शाळेचं पहिल्या दहात कुणीच नाही, १२, १४, १६, १८, १९. बेरीज ७९. जिंकली दुसरी शाळा. फोटो मात्र पहिल्या शाळेच्या पोराचा छापून येतो! मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे, की टीमची खरी ताकद पाचव्या पोरात असते, त्याच्या वेळेत आणि पहिल्याच्या वेळेत फरक किती ते बघायचं, याला इकडे स्प्रेड म्हणतात. तीस सेकंदाच्या आत पाच पोरं येत असतील तर ती टीम भारी, मग त्यात स्टार असो नसो. आणि आमच्या ग्रुपवर जी यादी फिरते तिच्याखाली चर्चा मात्र फक्त पहिल्या पोराची.

ही प्री-सीझन यादी बनते कशी तेही सांगते, म्हणजे तिच्यावर किती भरवसा ठेवायचा ते कळेल. गेल्या वर्षीच्या टीममधले बारावीचे गेले, राहिले कोण ते बघायचं. राहिलेल्यांनी मार्च ते जून ट्रॅकवर ३२०० मीटर किती वेळात मारले ते बघायचं. एखादा शाळा बदलून आला असेल तर तो धरायचा. आणि मग अंदाज. आता यातली गोम अशी की उन्हाळ्यात कोण किती पळालं हे कुणालाच माहीत नसतं, अधिकृत प्रॅक्टिस ऑगस्टमधे, त्याआधी पोरं आपापली, कॅप्टनच्या भरवशावर सकाळी सहाला पार्कात जमून पळतात, आठवड्याला चाळीस-पन्नास मैल करणारी असतात आणि नुसतं इन्स्टाग्रामवर टाकणारीपण असतात. जो दहावीत टीममधे विसावा होता तो तीन महिन्यात चौथा होऊन येतो, या वयात असं सर्रास होतं, आणि तो कुठल्याही यादीत नसतो. पाचवा पोरगा नेमका असाच कुठून तरी उगवतो! म्हणजे ज्याच्यावर सगळं ठरतं तोच यादी करणाऱ्याला दिसत नाही.

शिवाय वेळेची तुलना कशी करणार? इलिनॉयची स्टेट मीट, म्हणजे राज्य स्पर्धा, पिओरियाच्या डेटवायलर पार्कात होते, सपाट आणि फास्ट. न्यूयॉर्कच्या व्हॅन कोर्टलँड पार्कात अडीच मैलच पळतात पण मागच्या टेकड्यांत जीव जातो (त्याच पार्कात पुढच्या मैदानावर क्रिकेटच्या पिचेस आहेत, वेस्ट इंडियन आणि आपले देशी लोक तिथे शनिवार-रविवार मॅचेस खेळतात आणि शेजारून ही पोरं पळत असतात). कॅलिफोर्नियाची फायनल फ्रेस्नोच्या वुडवर्ड पार्कात. युटा आणि कोलोराडोची पोरं चार-पाच हजार फुटांवर पळतात, तिथे हवा विरळ, वेळ जास्त लागतो, आणि हीच पोरं खाली उतरली की सगळ्यांना धुतात, म्हणून हल्ली हेरिमन, अमेरिकन फोर्क, नायवॉट अशी तिकडच्या शाळांची नावं यादीत दिसतात. यावर उपाय म्हणून न्यूयॉर्ककडच्या बिल मेलन नावाच्या गृहस्थांनी स्पीड रेटिंग काढलं, ते मूळचं घोड्यांच्या शर्यतीच्या हिशेबावरून बेतलेलं, म्हणजे कोर्स कसा, त्या दिवशी कोण किती पळालं यावरून प्रत्येकाला एक आकडा द्यायचा. आणि योगायोग बघा, नायकी कंपनीची टीम नॅशनल्स, म्हणजे सगळ्या देशातल्या टीम्सची स्पर्धा, २००४ साली सुरू झाली ती पोर्टलंडच्या घोड्यांच्या रेसकोर्सवरच, २०१४ पासून ती ग्लेनडोव्हीर गोल्फ कोर्सवर नेली. 

ही नायकी नॅशनल्स म्हणजे डिसेंबरच्या सुरवातीची शेवटची लढाई, मुलांच्या २२ टीम्स, मुलींच्या २२. गंमत म्हणजे तिथे शाळेच्या नावाने पळता येत नाही. राज्याच्या असोसिएशनचे नियम, सीझन संपला की शाळेचा ड्रेस बंद, मग तीच सात पोरं क्लबचं नाव लावून जातात. शाळेचे कोच तिकडे अधिकृतपणे कोच नाहीत, तरी काठावरून ओरडणारे तेच. आपल्याकडे असलं काही केलं असतं तर नावं ठेवली असती.

आता टीम्स. इलिनॉयची म्हणून मी आधी यॉर्कचं सांगणार, पक्षपात समजा. एल्महर्स्ट म्हणून शिकागोचं उपनगर आहे, तिथली ही सरकारी शाळा, म्हणजे प्रवेश परीक्षा वगैरे काही नाही, जो त्या भागात राहतो तो जातो. जो न्यूटन नावाचे कोच तिथे १९५६ साली आले आणि जवळजवळ साठ वर्षं राहिले, २०१६ ला निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी गेले. त्यांच्या टीमने राज्याची विजेतेपदं जिंकली २८. अठ्ठावीस! आणि २००४ ला ती पहिली टीम नॅशनल्स झाली तीपण यॉर्कच्याच मुलांनी जिंकली. पण या आकड्यांपेक्षा मला त्यांची पद्धत आवडते. कुणाला टीममधून काढायचं नाही. जाडा, बारका, दम्यावाला, चष्मिश, ये आणि पळ. त्यांच्याकडे दीड-दोनशे पोरं असायची, हिरव्या बनियनमधली लांबच लांब रांग, आणि रोज प्रॅक्टिस संपली की प्रत्येक पोराशी हात मिळवायचा, नाव घ्यायचं, मगच घरी सोडायचं. आता मला सांगा, दोनशे पोरं रोज पळतायत तर त्यातून पाच चांगली निघणार नाहीत का? आणि एखाद्याचा पाय दुखावला तर मागे रांगच उभी आहे. जे कोच स्टारच्या शोधात फिरतात त्यांच्याकडे एखादं वर्ष येतं आणि जातं.

त्याच राज्यात नेपरव्हिलची नीक्वा व्हॅली. ही शाळाच मुळात १९९७ ची, म्हणजे यॉर्कच्या मानाने परवाची, आणि दहा वर्षात, २००७ ला, मुलांनी नॅशनल्स जिंकली. क्रिस डेरिक त्या टीममधे होता, पुढे स्टॅनफर्डला गेला, मोठा धावपटू झाला. नेपरव्हिलमधे आपले भारतीय लोक भरपूर, मराठी पण खूप, आणि त्यांच्यापैकी किती जणांना ही गोष्ट माहितीये विचारा. घर घेताना शाळेच्या गणिताच्या टीमचं सगळं पाठ असतं.

इलिनॉयचं आणखी एक सांगायचा मोह आवरत नाही. क्रेग व्हर्जिन या खेड्यातल्या पोराने १९७२ ला डेटवायलरवर ३ मैल १३ मिनिटं ५०.६ सेकंदात मारले, तो रेकॉर्ड ४७ वर्षं टिकला. २०१९ ला जॉश मेथनरने १३:४९.८६ मारून तो मोडला, फरक एक सेकंदसुद्धा नाही! व्हर्जिन पुढे १९८० आणि ८१ ला क्रॉस कंट्रीचा जगज्जेता झाला. लहानपणापासून किडनीचा त्रास असलेला माणूस.

मुलींमधे ज्या शाळेचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही ती म्हणजे न्यूयॉर्क राज्यातली, सिरॅक्यूजजवळची फेएटव्हिल-मॅनलियस. बिल एरिस त्यांचे कोच. या मुलींनी २००६ ते २०१२ सलग सात वर्षं नॅशनल्स जिंकली, मग एक वर्ष गेलं, आणि २०१४ ते २०१७ परत चार. अकरा. २०१४ ला तर मुलं आणि मुली दोन्ही. सात वर्षात पोरी सगळ्या बदलतात हो, नववीत आलेली बारावीत जाते, म्हणजे ही एका पिढीची कमाल नाही. जेवण काय, झोप किती, अभ्यास कधी, सगळं शिस्तीत, आणि शर्यतीत एकमेकींना धरून घोळक्याने पळायचं. फोटो बघा त्यांचे, पाच हिरव्या बनियन एकाच चौकटीत दिसतात. ज्या खेळात नंबर प्रत्येकीचा वेगळा लागतो त्यात हे करून घेणं सोपं नाही, कारण ज्या पोरीच्या पायात अजून जोर आहे तिला पहिल्या मैलाला थांबवायचं, आणि जी दमलीये तिला ओढायचं.

मुलींच्या यादीवर मात्र माझा भरवसा आणखी कमी. चौदा ते अठरा या वयात मुलींचं शरीर बदलतं, वजन बदलतं, नववीत जी वाऱ्यासारखी पळाली ती अकरावीत मागे पडते आणि परत बारावीत वर येते, हे सगळं नैसर्गिक आहे. आणि नवीन नववीची एखादी पोरगी, जिचं नाव ऑगस्टमधे कुणालाच माहीत नाही, ती ऑक्टोबरमधे टीमची पहिली होते. अशात एखाद्या पोरीला "तू गेल्या वर्षी देशात अमुक नंबरवर होतीस" असं सारखं ऐकवलं की ती खाणं कमी करते. हाडांना बारीक तडे जातात, पाळी थांबते, इकडे डॉक्टर आता याबद्दल उघड बोलतात, चांगले कोचपण बोलतात, पण पालक? आमच्याच ग्रुपवर एका बाईंनी विचारलं की माझ्या मुलीने वजन किती कमी केलं तर तिची वेळ सुधारेल. मी तिथे जे लिहिलं ते इथे छापण्यासारखं नाही.

कॅलिफोर्नियाचं न्यूबरी पार्क. हे नाव गेल्या काही वर्षात सगळ्यांच्या तोंडी, आणि नेमकं याच टीममुळे लोकांना वाटायला लागलं की स्टार असले की झालं. यंग यांच्या घरातले तिघे, निको आणि मग लेक्स आणि लिओ हे जुळे, आणि साल्मन यांच्या घरातले दोघे, कॉलिन आणि आरॉन. दोन घरातली पाच पोरं! निकोने २०१९ ला नॅशनल्स जिंकली आणि टीमनेपण जिंकली, तोच निको २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकला पळाला. २०२० आणि २१ ला कोविडमुळे नायकीची स्पर्धा झाली नाही, तर २०२१ ला अलाबामात हंट्सव्हिलला पर्यायी स्पर्धा झाली, तिथे कॉलिनने ५ किलोमीटर १४ मिनिटं ३ सेकंदात मारले आणि न्यूबरी पार्कने मैदान मारलं. २०२२ ला आरॉन पहिला, टीम पहिली. बरोबर आहे, स्टारच होते. पण २०२१ ला निको कॉलेजात गेलेला होता, म्हणजे दोन घरांतले उरले चार. गुण तर पाचांचे मोजतात! मग पाचवा कोण होता? आमच्या ग्रुपवर मी हा प्रश्न टाकला, तर यंग-साल्मन घोकणाऱ्यांपैकी एकालाही सांगता आलं नाही. तो पोरगा कुठे तरी चाळिसाव्या-पन्नासाव्या नंबरात लटकला असता तर या चौघांची बेरीज कुठल्या कुठे गेली असती.

आणि ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांचं पण सांगितलं पाहिजे. मॅकफार्लंड, कॅलिफोर्नियाच्या सॅन होकिन खोऱ्यातलं शेतमजुरांचं गाव, बहुतेक मेक्सिकन कुटुंबं. पोरं पहाटे आई-बापाबरोबर द्राक्षांच्या, बदामांच्या मळ्यात राबायची, मग शाळा, मग पळणं. जिम व्हाइट त्यांचे कोच. १९८७ ला कॅलिफोर्नियाने पहिल्यांदा क्रॉस कंट्रीची राज्य स्पर्धा भरवली आणि ती या पोरांनी त्यांच्या गटात जिंकली, पुढे चौदा वर्षात नऊ वेळा. त्यांना ना कुठला स्पॉन्सर, ना उंचीवरचा कॅम्प. द्राक्षाच्या मळ्यातल्या कामाने काय होतं हे नाशिककरांना सांगायला नको, मी मूळची तिकडचीच.

म्हणून आता जरा आपल्याकडे येते. नाशिकचं बघा ना, कविता राऊत सावरपाड्यासारख्या आदिवासी पाड्यावरची, २०१० ला कॉमनवेल्थमधे १०,००० मीटरला ब्राँझ, त्याच वर्षी एशियन गेम्सला सिल्व्हर. मोनिका आथरे मॅरेथॉनला वर्ल्ड चॅम्पियनशिपपर्यंत गेली. संजीवनी जाधवने २०१७ ला भुवनेश्वरला एशियन चॅम्पियनशिपमधे ५,००० मीटरला ब्राँझ घेतलं. या तिघी एकाच जिल्ह्यातल्या, विजेंद्र सिंग सरांच्या हाताखाली नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर पळालेल्या. सरांनी एक कविता शोधली आणि थांबले असं झालं नाही, रोज सकाळी घोळका पळत होता, एकीला बघून दुसरी. यॉर्कमधे जे झालं तेच, फक्त इथे शाळेच्या टीमचं नाव नाही, गुणांची बेरीज नाही, कविताचं नाव पेपरात आणि बाकी घोळक्याचं कुठेच नाही.

आणि अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातला मांडव्याचा, शाळा घरापासून सहा किलोमीटर, चालत नाही तर पळत. बारावीनंतर लष्करात गेला, महार रेजिमेंटमधे, सियाचिनला राहिला, राजस्थानात राहिला, आणि २०१५ ला लष्कराच्या क्रॉस कंट्रीत पहिल्यांदा पळाला तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की हा पोरगा वेगळा आहे. मग २०२२ ला कॉमनवेल्थचं सिल्व्हर, २०२३ ला एशियन गेम्सचं गोल्ड, २०२४ ला स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची ३,००० मीटर शर्यत, ८ मिनिटं ९.९१ सेकंदात. माझा प्रश्न असा की बारावीपर्यंत तो पळतच होता ना? रोज दप्तर घेऊन. त्याच्या शाळेला आठवड्यातून एकदा दहा पोरं घेऊन शेजारच्या गावच्या शाळेबरोबर माळावर पळायला काय लागलं असतं? चुना, एक शिट्टी आणि बेरीज करणारे एक गुरुजी. खरंच याहून जास्त काही लागत नाही, इकडे एवढा श्रीमंत देश पण मिडल स्कूलच्या मीटला अजून आईस्क्रीमच्या काड्यांवर नंबर लिहून पोरांच्या हातात देतात.

आपल्याकडे शालेय स्पर्धा आहेतच, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, क्रीडा सवलतीचे गुणपण मिळतात, मी नाही म्हणत नाही. पण पळणं म्हटलं की एकट्याचं काम. पीटीचे सर एका पोराला बरोबर घेऊन एसटीने जिल्ह्याला जातात, तो जिंकला तर बोर्डावर नाव, हरला तर परत वर्गात. बाकीची पोरं त्या दिवशी काय करतात? कुठल्याही गावाबाहेरच्या रस्त्यावर पहाटे पाचला जाऊन बघा, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी पळत असतात, पोरांना १६०० मीटर, पोरींना ८००, घोळक्याने, एकमेकांना वेळ लावून देत. दम आहे, सवय आहे, पण हे सगळं शाळा सुटल्यावर, नोकरीसाठी. तेच शाळेत असताना, पाचांची बेरीज करून, गावाच्या नावाने पळवलं तर अख्खं गाव माळावर येईल, कबड्डीला येतं तसंच.

इथल्या आपल्या पालकांबद्दलपण दोन शब्द, कारण तुमचा पेपर इथेपण वाचला जातो. बास्केटबॉल, सॉकर, सगळीकडे ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी, असतो, आपली बारीक अंगाची पोरं तिथून तोंड पाडून घरी येतात आणि मग रोबोटिक्स. क्रॉस कंट्रीत बहुतेक शाळा कुणालाच काढत नाहीत, चांगले बूट घेतले की खर्च संपला. तरी पहिला प्रश्न काय, "कॉलेज ॲप्लिकेशनला याचा उपयोग होतो का?" आणि दुसरा, "शनिवारी मीट असते? अगं पण शनिवारी मंडळाचा गणपती!" दरवर्षी सप्टेंबरात हे भांडण आमच्याकडे होतंच. आमचं कुटुंब सकाळी मीट करून चिखलाच्या बुटांनी थेट आरतीला जातं, मुलगा मागच्या सीटवर बनियन बदलून कुर्ता चढवतो, घामाचा वास येतो, बाप्पाने अजून तक्रार केलेली नाही. आदल्या संध्याकाळी टीमचं पास्ता डिनर कुणाच्या तरी घरी असतं, आमच्या पाळीला मी मसालेभात केला, दोन मोठे ट्रे, पोरांनी चाटून पुसून खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी कुणाचंही पोट बिघडलं नाही, हे मुद्दाम सांगते कारण एका आईने आधी शंका काढली होती.

तेव्हा तुमच्या क्रीडा विभागाला विनंती आहे की या दिवसात तालुक्याच्या शालेय स्पर्धा सुरू होतील तेव्हा पळण्याच्या निकालात पहिला, दुसरा, तिसरा एवढंच छापू नका, ज्या शाळेची पोरं पहिल्या पन्नासात जास्त आहेत त्या शाळेचं नाव छापा आणि शेवटी आलेल्यांचीपण नावं छापा, चार ओळी जास्त लागतील. क्रीडा शिक्षकांना तुमच्या पुरवणीत एकदा पाचांच्या बेरजेचा हिशेब समजावून द्या, वर दिलेलं ८६ आणि ७९ चं उदाहरण खुशाल वापरा.

आणि इलिनॉय, विस्कॉन्सिन, इंडियानामधे राहणाऱ्या वाचकांसाठी: नोव्हेंबरच्या सुरवातीला शनिवारी पिओरियाला स्टेट मीट आहे. सकाळी लवकर निघा नाहीतर गाडी लावायला लांब जावं लागतं. आपलं पोर पळत नसलं तरी या. पहिला कोण येतो ते माइकवरून सांगतातच, तुम्ही शंभराव्या नंबरच्या आसपास दोरीजवळ उभे राहा, तिथे पाचवे पोरगे येत असतात. गरम चहा थर्मासमधे आणा, तिकडची कॉफी प्यायच्या लायकीची नसते. जुने बूट घाला.

आपली नियमित वाचक,
मूळ नाशिक, हल्ली मुक्काम इलिनॉय